बेळगावात मराठीतून शहराच्या गप्पा रेडिओवर कुठं ऐकायला मिळतील?

शहापूरवाला
बाबांना काचबिंदू झालाय, पेपर वाचणं बंद पडलंय. सकाळी पेपर, संध्याकाळी गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. नाथ पै व्याख्यानमाला तर कधी चुकवली नाही. टीव्हीवरची आरडाओरड त्यांना सोसत नाही. महापालिकेत काय शिजतंय, सीमाप्रश्नाच्या दाव्याचं पुढं काय, नाटक कुठलं लागलंय, यावर कुणीतरी सावकाश बोलावं आणि त्यांनी ऐकावं, एवढंच हवंय. घरात जुना रेडिओ आहे. सांगा की काय लावून देऊ.

तिसरं_गेट_टिळकवाडी
पहिल्यांदा केएलई शिक्षणसंस्थेचं वेणुध्वनी लावून बघा, ९०.४ एफएम. सामुदायिक रेडिओ आहे. डॉक्टरांशी बोलणं, स्थानिक कलाकार, शिक्षण असले विषय तिथं मिळतात. मराठी कार्यक्रमांच्या वेळा केंद्रातच विचारून घ्या. सामुदायिक केंद्रांना साधारण १०० वॅटचीच परवानगी असते, त्यामुळं दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढं आवाज जात नाही. शहापुरात अडचण येऊ नये, खानापूर-निपाणीवाल्यांनी मात्र आशा धरू नये.

राजकारणाचं म्हणाल तर ते तिथं मिळणार नाही, आणि त्यात केंद्राचा दोष नाही. सामुदायिक रेडिओला राजकीय चर्चा करायची मुभाच नाही. खासगी एफएमलाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात. २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेल्या दाव्यावर बेळगावच्या स्थानिक रेडिओवर मोकळी चर्चा ऐकू येत नाही, त्याचं एक मोठं कारण हे. मला हा नियम मुळीच पटत नाही. ज्या गावाचा प्रश्न, त्याच गावच्या रेडिओनं गप्प का बसावं?

निपाणीकर
आमच्याकडं कोल्हापूर आकाशवाणी १०२.७ वर लागते. बेळगावात तिचा भरवसा नाही. मोबाईलवर न्यूजऑनएअर ॲप घ्या, त्यात कोल्हापूर, सांगली, पुणे सगळी केंद्रं आहेत. मराठी बातम्या आणि साहित्यिकांच्या मुलाखती यासाठी मी सांगलीच सुचवेन. बोलण्याचा बाज आपल्याकडचा वाटतो.

कडोली_रोड
बाबांना कन्नड समजत असेल तर आकाशवाणी धारवाड सोडू नका, मिडियम वेव्ह ७६५. १९५० पासूनचं केंद्र. मल्लिकार्जुन मन्सूर तिथं संगीत सल्लागार होते. गाण्याला कसली आलीय सीमा? मिडियम वेव्हला एरियल ओढून काही होत नाही, रेडिओच आडवा फिरवून बघायचा आणि एलईडी दिव्यापासून लांब ठेवायचा. खरखर निम्मी होते.

आणि साहित्याचं म्हणाल तर कडोली, येळ्ळूर, उचगावची संमेलनं आहेतच. तिथली भाषणं मोबाईलवर रेकॉर्ड करून बाबांना ऐकवा. कुठल्याही केंद्रावर मिळणार नाही इतकं आपल्या गावांबद्दलचं बोलणं तिथं होतं.

शहापूरवाला
कन्नड उत्तम समजतं, दुकानदारीत आयुष्य गेलंय. धारवाड आजच लावतो. पण ॲपची बटणं त्यांना दिसणार नाहीत, त्याचं काय?

निपाणीकर
सकाळी तुम्हीच सांगली लावून फोन चार्जिंगला ठेवा. आवाजासाठी एखादा ब्लूटूथ स्पीकर जोडा. आमच्या आईचं असंच चालतं.

तिसरं_गेट_टिळकवाडी
एक राहिलं. वेणुध्वनीवर राजकीय चर्चा चालत नसली तरी पाणी, वीज, रस्त्यावरची वाहतूक, परीक्षा, सांस्कृतिक कार्यक्रम यांची माहिती बातम्यांत धरत नाहीत, ती देता येते. म्हणजे राकसकोप जलाशयात पाणी किती उरलंय आणि कुठल्या गल्लीत कधी येणार, बळ्ळारी नाल्याचं पाणी वडगावच्या भातात शिरलं तर काय करायचं, लोकमान्य रंगमंदिरात कुठलं नाटक आहे, हे सगळं मराठीतून रोज सांगता येईल. एकट्यानं फोन करून भागणार नाही, पंचवीस-तीस श्रोत्यांचं पत्र केंद्राला गेलं तर विचार होईल. मसुदा मी रविवारी इथं टाकतो. ज्यांना सही करायची त्यांनी खाली फक्त आपली गल्ली किंवा गाव लिहा.

कडोली_रोड
कडोली.

शहापूरवाला
शहापूर. बाबांचीही सही घेतो.