पंखाच्या मुळाशी चीर : विमान भंगारात की तपासणीला?

सांगलीचा टर्नर
काल इथं एकानं लिहिलं, "बोइंग ७३७च्या पंखाच्या जोडाला चिरा सापडल्या. डिझाइनच बोगस. पंधरा वर्षांवरची सगळी विमानं भंगारात काढा." रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

धातूचं वय फेऱ्यांत मोजतात. एकदा उडून उतरलं की एक फेरी. विमान उडालं की पंख वर वाकतो, खालचा पत्रा ताणला जातो. उतरलं की पंख स्वतःच्या आणि इंधनाच्या वजनानं खाली झुकतो, तोच पत्रा दाबला जातो. तार मागंपुढं वाकवून तोडतो, तेच हजारो वेळा. चीर पडणार हे धरूनच जोड आखतात : एक भाग गेला तर शेजारच्यानं भार पेलायचा आणि तेवढ्यात ती तपासणीत सापडायची. २०१९ मध्ये ७३७च्या पिकल फोर्कला, म्हणजे पंख धडाला जोडणाऱ्या भागाला, चिरा सापडल्या, त्यापायी एकही विमान पडलं नाही.

पलूसची लेक
सापडल्या कशा तेही सांगा, दादा. एका जुन्या विमानात फेरबदलाचं काम चालू होतं म्हणून. तो भाग ९०,००० फेऱ्या टिकणार होता. शेवटी ३०,००० झालेली विमानं सात दिवसांत तपासा, असा अमेरिकेत हुकूम निघाला. आणि १९८८चं हवाई बेटांवरच्या अलोहा एअरलाइन्सचं ७३७? ८९,६८० फेऱ्या झालेल्या विमानाचं छप्पर हवेत उडालं. चढताना एका प्रवासी बाईला चीर दिसली होती, तपासणाऱ्यांना नाही! हवाईच्या खाऱ्या दमट हवेनं जोड गंजले होते. गंज फेऱ्या मोजत नाही, वर्षं मोजतो.

कोरेगावचा ऊसवाला
विमानाचं ऱ्हाऊ द्या. माझ्या ट्रॉलीच्या दांड्याला चीर गेली, वेल्डिंगवाल्यानं वरनं पट्टी मारून रंग दिला. बाराव्या खेपेला उतारावर ट्रॉली सुटली. भाऊ सहा महिने खाटेवर होता.

तासगावचा वेल्डर
सगळ्या वेल्डरांना एका दावणीला बांधू नका. चिरेच्या टोकाला भोक पाडायचं, चीर घासून पार काढायची, मग भरायचं. याला अर्धा दिवस लागतो. हंगामात तुम्ही दहा मिनिटं थांबत नाही. वर स्प्रिंगचे पाटे सरळ होईस्तोवर ऊस भरता!

कोरेगावचा ऊसवाला
माझ्या भावाचा पाय मोडला आणि तुम्ही मलाच सुनावताय? पैसे मोजून घेतले होते त्या वेल्डिंगवाल्यानं.

सांगलीचा टर्नर
दोघंही थांबा, कारण पट्टीचंच दुखणं विमानातही आहे. चायना एअरलाइन्सच्या ७४७ची शेपूट १९८० मध्ये धावपट्टीला घासली. ओरखडे पूर्ण न काढता वरनं पत्रा मारला. त्याखाली चिरा वाढत गेल्या आणि २००२ मध्ये विमान हवेत फुटलं, २२५ माणसं गेली. २००५ला मायामीजवळ १९४७च्या सी-प्लेनचा पंखच तुटून २० जण गेले. त्याच्या पंखातून इंधन पुन्हा पुन्हा गळत होतं आणि आतली चीर तशीच होती.

पलूसच्या ताई, गंजाचं तुमचं बरोबर. वर्षंही मोजायला हवीत. मी एकांगी लिहिलं. पण सरसकट भंगार मला पटत नाही.

पलूसची लेक
भंगाराचा हट्ट माझाही नाही. पण 'चीर सापडली' याला यश म्हणू नका. न सापडलेल्या किती, हे कोण सांगणार?

कोरेगावचा ऊसवाला
वेल्डर अण्णा, रागात बोललो. दुसऱ्या ट्रॉलीलाही त्याच माणसाची पट्टी आहे. कुठं आणू?

तासगावचा वेल्डर
दांडा सोडवून आणा. ट्रॉली ओढत आणू नका. आणि वरनं रंग मारू नका, मला चीर बघू द्या.