अनुभव धागा: पगार सगळे सांगतात, खोलीचं सांगा

आपल्याकडं घरटी एकजण सुरत, पुणे नायतर कल्याणला. गावात आला की पगार सांगतो, खोलीला किती गेले ते सांगत नाही. ते लिहा.

शिंदखेडेकर: 2009 ला सुरतेत उधन्याला उतरलो. लिंबायतला आतेभावाची खोली, आठ जण, चार दिवसपाळी चार रातपाळी, गादी कधी थंड पडलीच नाही. लूमवर (कापड विणायच्या मागावर) बारा तास, पंधरवड्याला मीटरवर पैसे, बीम (सुताचा रूळ) नसलं की बसून राहा. पण कारखाना चालत जायच्या अंतरावर, म्हणून चार पैसे उरायचे. लग्न झाल्यावर स्वस्त पडते म्हणून डिंडोलीला खोली केली, तर भाड्यात जे वाचलं ते शेअर रिक्षाने खाल्लं. हिशोब तिथंच.

चाकणची वहिनी: आमचे हे ठेकेदाराकडं, सात महिने झाले की कामाला ब्रेक. मालकीण म्हणे करार नोटरीच पुरे. खोली सोडली तेव्हा डिपॉझिट रंगकामात बुडवलं, अन मी गप्प बसले. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे आणि नोंदवला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं धरतात, हे दोन वर्षांनी कळलं. कुणी फसू नका बायांनो.

रातपाळी: पगाराच्या रात्री कंपनीच्या गेटपासून थोड्याच अंतरावर मोबाइल हिसकावला. चौकीत गेलो तर आधी पत्त्याचा पुरावा मागितला. वहिनी, तोच कराराचा कागद नव्हता माझ्याकडं. आणि सोसायटीत सायकल गेली की पहिली टकटक आम्हा बाहेरच्यांच्याच दारावर!

जळगावकर: मी गेलोच नाही. चटईच्या कारखान्यात आहे, पगार पुण्याच्या निम्मा, घर बापाचं. साडूभाऊ दिवाळीला येतो तेव्हा आमचं दोघांचं उरलेलं सारखंच निघतं. (तो जीन्स भारी घालतो, ते वेगळं.)

सातपुड्यातला: तुम्हाला खोली तरी आहे भो. आमच्या धडगावकडचे बारडोलीला ऊसतोडीला जातात, उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) पावसाळ्यातच संपलेली, राहायला फडाच्या कडेला प्लॅस्टिकचं पाल. पोरांची शाळा मधेच तुटते.

चाकणची वहिनी: शिंदखेडेकर भाऊ, आठ जणांत लाइट बिल कसं वाटून घ्यायचे?

शिंदखेडेकर: भांडून. रातपाळीवाले दिवसभर पंखा लावून झोपायचे ना, मग त्यांचं जास्त. मी मुद्दाम दिवसपाळी घेतली होती.