पडलेल्या नाटकातून आलेली एरियल

गीतकार-दिग्दर्शक हॉवर्ड ॲशमनला डिस्नेने घडवलं, असं कुणी म्हणतं, ते काही पटलं नाही. त्याचं संगीत नाटक 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' १९८२ चं, तेही ब्रॉडवेबाहेरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांबाहेरच्या, छोट्या रंगमंचावरचं. ॲनिमेशनकडे वळायच्या आधीच गडी तयार होता!

आणि त्याचं 'स्माइल' हे संगीत नाटक सगळेच विसरले की काय? १९८६ साली ब्रॉडवेवर आलं, गीतं त्याची, दिग्दर्शनही त्याचंच, आणि ४८ प्रयोगांत गाशा गुंडाळावा लागला. पण त्यातलीच अभिनेत्री जोडी बेन्सन पुढे डिस्नेच्या 'द लिटल मर्मेड' या ॲनिमेशनपटातल्या नायिकेचा, एरियलचा, आवाज झाली. एरियलच्या 'पार्ट ऑफ युअर वर्ल्ड' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचं चित्रण मिळालं तर जरूर बघा. ॲशमन तिच्या अगदी शेजारी उभा राहून ओळ कशी म्हणायची ते सांगतोय. तालमीत नटाला सांगावं, अगदी तसं.