उत्तर कॅनडातल्या लहान वस्त्यांत मोठी दुकानं हवीत की नकोत?

दिगंत (विनिपेग)

महागाईच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की कॅनडाच्या उत्तरेकडच्या छोट्या वस्त्यांत कंपन्या नवी दुकानं काढतात, जुनी वाढवतात, ती निव्वळ लुटीची सोय आहे. मला हे अजिबात पटत नाही. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

आधी परिस्थिती सांगतो. नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशात 25 वस्त्या आहेत. बाहेरून तिथे जाणारा रस्ता नाही, एका वस्तीतून दुसरीत जाणाराही नाही. माल येण्याचे मार्ग दोनच: बारमाही विमान, नाहीतर बर्फ वितळल्यावर काही महिने जहाज. या जहाजी मालाला तिकडे सीलिफ्ट म्हणतात. विमानाचं भाडं जहाजाच्या कित्येक पट असतं.

मी विनिपेगमध्ये किराणा मालाच्या वाहतुकीतच काम करतो, त्यामुळे एक गोष्ट रोज बघतो. दुकानाचं गोदाम लहान असलं की पीठ, तांदूळ, साबण, डायपर असा न नासणारा मालही जानेवारीत विमानाने पाठवावा लागतो, कारण सप्टेंबरात जहाजाने आलेला साठा ठेवायला जागाच नसते. दुकान वाढवणं म्हणजे मुख्यतः गोदाम वाढवणं. पुढचा चकचकीत भाग फोटोत दिसतो, खरा फरक मागच्या बाजूला पडतो.

आणि हे करणार कोण? वॉलमार्ट यलोनाइफ आणि थॉम्पसनपर्यंत येतो. रस्ता संपला की त्याची हद्द संपली. त्यापुढे नॉर्थ वेस्ट कंपनी आणि सहकारी दुकानं, बास. हडसन्स बे या कॅनडातल्या जुन्या दुकानदार कंपनीने 1987 मध्ये आपली उत्तरेकडची दुकानं गुंतवणूकदारांना आणि कर्मचाऱ्यांना विकून टाकली. त्या मंडळींनी 1990 मध्ये 1779 सालचं जुनं 'नॉर्थ वेस्ट' हे नाव पुन्हा घेतलं. शहरातल्या मोठ्या दुकानांवर भिस्त ठेवणारी हडसन्स बे 2025 मध्ये सगळी दुकानं बंद करून बसली, आणि तिने विकलेला उत्तरेकडचा धंदा आज शंभरावर वस्त्यांत उभा आहे. एवढ्या लांब पैसा घालणाऱ्याला पाठिंबा द्यायचा की शिव्या?

मृणाल (एडमंटन)

दिगंत, तुम्ही विनिपेगच्या टोकाने बघताय, मी माल उतरतो त्या टोकाने बघितलंय. मी नर्स आहे. नुनावुतच्या किवालिक भागातल्या एका वस्तीत कामाला होते. गावाचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गाव इतकं लहान आहे की माणसं ओळखू येतील.

मी असतानाच तिथलं दुकान वाढवलं. नव्या भागात काय आलं? पिझ्झा आणि तळलेल्या चिकनचा काउंटर, सॉफ्ट ड्रिंकचा अख्खा एक पॅसेज, मोठाले टीव्ही. भाज्यांचा फ्रिज होता तेवढाच राहिला. वादळात विमान आलं नाही की त्या फ्रिजमध्ये काळवंडलेलं लेट्यूस आणि मऊ पडलेली गाजरं, आणि त्यावर सरकारी अनुदानाचं लेबल. बिलावर प्रत्येक जिनसापुढे अनुदान किती मिळालं तेही छापलेलं असतं. माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी कॅशियरला विचारलं होतं, द्राक्षांची पिशवी फोडून अर्धीच घेता येईल का. घरात चार मुलं. कॅशियर त्यांचीच भाची, तिलाही काय बोलावं कळेना.

2012 मध्ये इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ समाजातल्या, लीसी पपात्सी यांनी 'फीडिंग माय फॅमिली' हा फेसबुक गट काढला आणि नुनावुतमध्ये लोक दुकानांसमोर फलक घेऊन उभे राहिले. ज्या समाजात भांडण चव्हाट्यावर आणायची रीत नाही, तिथे हे घडलं. 2007-08 च्या आरोग्य पाहणीत नुनावुतमधल्या दहापैकी सुमारे सात इनुइट घरांत पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. दुकानाचं क्षेत्रफळ वाढवून हे सुटणार नाही.

आबा (टोरोंटो)

मी निवृत्त अकाउंटंट. हा विषय बरीच वर्षं वाचतोय, म्हणून हिशेबाच्या बाजूने लिहितो.

मृणालताईंनी ज्या अनुदानाचा उल्लेख केला ते 'न्यूट्रिशन नॉर्थ कॅनडा', 1 एप्रिल 2011 पासूनचं. त्याआधी टपालखात्यामार्फत अन्नाच्या वाहतुकीला सवलत होती. नव्या पद्धतीत पैसा किलोमागे दुकानदाराला मिळतो. वस्तीगणिक दर वेगळा, आणि दुकानदाराने तो पूर्णच्या पूर्ण गिऱ्हाइकाला द्यायचा, अशी अट. 2014 मध्ये महालेखापरीक्षकांनी अहवालात लिहिलं की पूर्ण अनुदान गिऱ्हाइकापर्यंत पोचतं की नाही हे खात्याला पडताळताच आलेलं नाही. पुढे टोरोंटोच्या दोन संशोधकांनी 2016 ते 2019 च्या किमती तपासल्या. एका डॉलरच्या अनुदानामागे शेल्फवरची किंमत सरासरी 67 सेंटच उतरली होती. जिथे एकच दुकान, तिथे परिस्थिती आणखी वाईट.

म्हणून दिगंतना माझा थेट प्रश्न. गोदाम वाढलं, विमानाऐवजी जहाजाने माल आला, खर्च वाचला, इथपर्यंत मान्य. ती बचत गिऱ्हाइकाला द्यायला भाग पाडणारं तिथे काय आहे? समोर दुसरं दुकान असेल तरच दर उतरतो. एकाच दुकानाला तिप्पट जागा दिली तर एकाच मालकाची जागा तिप्पट झाली, एवढंच.

दिगंत (विनिपेग)

आबा, प्रश्न रास्त आहे. पण 67 सेंट वाचून उरलेले 33 सेंट कुणाच्या तरी खिशात गेले, असा सरळ अर्थ काढू नका. नुनावुतच्या प्रत्येक वस्तीत वीज डिझेलवर बनते, आणि ते डिझेलही जहाजानेच येतं. गोदाम हिवाळाभर गरम ठेवावं लागतं, नाहीतर डबे फुटतात. जमीन कायम गोठलेली, त्यामुळे इमारत खांबांवर नाहीतर खास चौकटीवर उभारायची. बांधकामाचा एखादा सुटा भाग जहाजावर चढवायचा राहिला तर विमानाने आणा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्याची वाट बघा. आणि सीलिफ्टचा माल म्हणजे वर्षाची खरेदी एकदम. पैसे आज गुंतले, शेवटचा डबा पुढच्या जुलैत विकला जाणार. व्याज कोण भरतं?

मृणालताई, पिझ्झाच्या काउंटरबद्दल तुमचा राग समजतो. पण त्याच छपराखाली चेक वटवता येतो, एटीएम असतं, बऱ्याच गावांत औषधं मिळतात. बँकेची शाखा फक्त इकालुइत, रँकिन इनलेट आणि केंब्रिज बे इथे. बाकी 22 गावांनी जायचं कुठे? मोठ्या दुकानात ही कामं होतात, टपरीत होत नाहीत.

सह्यकडा (वारणानगर)

मी कॅनडा पाहिलेला नाही, पण सहकारात आयुष्य गेलंय, म्हणून राहवत नाही.

दिगंतनी सहकारी दुकानांचा उल्लेख करून पुढे त्यांना सोडूनच दिलं. उत्तरेकडे इनुइट लोकांच्या सहकारी संस्था 1959 पासून आहेत, पहिली क्युबेकच्या उत्तरेला कांगिर्सुआलुज्जुआक इथे निघाली. मासे आणि कोरीवकाम विकायला लोक एकत्र आले आणि त्यातून दुकानं उभी राहिली. 1972 मध्ये नुनावुत आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीजकडच्या संस्थांनी संघ केला, आज त्याचं नाव आर्क्टिक को-ऑपरेटिव्ह्ज. मुख्य कचेरी विनिपेगमध्येच, म्हणजे दिगंतांच्याच गावात.

फरक कुठे पडतो ते सांगतो. नफा झाला तर तो सभासदांत खरेदीच्या प्रमाणात वाटला जातो. संचालक गावातले असतात आणि वार्षिक सभेत लोक उभं राहून विचारू शकतात, भाज्यांचा फ्रिज का वाढवला नाही. आमच्याकडे 1978 मध्ये वारणा बाजार सुरू झाला तेव्हा व्यापारी म्हणत होते की खेड्यात एवढं मोठं दुकान चालणार नाही. चाललं, कारण गिऱ्हाईक आणि मालक एकच होता. मोठ्या दुकानाला माझा विरोध नाही. मालकी गावाबाहेर जाण्याला आहे. सरकारला पैसा द्यायचाच असेल तर सहकारी संस्थांना गोदामं बांधायला द्यावा.

शलाका (थॉम्पसन, मॅनिटोबा)

सह्यकडा काका, सहकाराबद्दल आदर आहेच, पण एक उदाहरण देते. ग्रीस फिओर्ड, कॅनडाची सगळ्यात उत्तरेकडची नागरी वस्ती, 2021 च्या जनगणनेत 144 माणसं. तिथे कंपनीचं दुकान नाही, फक्त सहकारी. म्हणून तिथे स्वस्ताई आहे का? नाही. 144 माणसांवर जहाज, विमान, वीज आणि पगार यांचा खर्च वाटला की मालक कुणीही असो, दूध महागच पडणार.

दुसरं म्हणजे इथे सगळेच 'उत्तर' या एका शब्दात दोन वेगळी जगं कोंबताय. मी राहते त्या थॉम्पसनला रस्ता आहे, रेल्वे आहे, वॉलमार्ट आहे. इथे नवं दुकान आलं की भाव खरंच हलतात, लोक फ्लायर बघून दुकान बदलतात. चर्चिलला रस्ता नाही, रेल्वेच आहे. मे 2017 मध्ये पुराने ती वाहून गेली आणि दुरुस्त व्हायला पुढच्या वर्षाची थंडी उजाडली. तेवढा काळ सगळं विमानाने किंवा जहाजाने. भाव कुठल्या कुठे गेले. दुकान तेच होतं, रूळ नव्हते.

ओंटारिओ-मॅनिटोबाच्या उत्तरेला बर्फावरचे रस्ते आहेत, तेही आता भरवशाचे राहिले नाहीत. 2024 च्या हिवाळ्यात ते वेळेवर गोठलेच नाहीत आणि उत्तर ओंटारिओतल्या फर्स्ट नेशन्सनी (तिथल्या मूळ रहिवाशांच्या समाजांनी) आणीबाणी जाहीर केली. त्याच वर्षी मॅकेन्झी नदीला पाणी नाही म्हणून माल नेणाऱ्या सपाट तळाच्या बोटी, म्हणजे बार्ज, रद्द झाल्या. रस्ता उघडा असतो त्या थोड्या आठवड्यांतच वर्षाचा माल भरायचा झाला तर मोठं गोदाम लागणारच. या मुद्द्यावर मी दिगंतच्या बाजूने. फक्त ते गोदाम दुकानाचंच का असावं? गावाचं का नको? पंचायतीने बांधावं, थंड-गरम दोन्ही खण ठेवावेत, आणि कंपनी, सहकारी दुकान, घरगुती सीलिफ्ट मागवणारे, सगळ्यांनी भाडं भरून वापरावं.

मृणाल (एडमंटन)

शलाका, हे मात्र मला आवडलं. घरगुती सीलिफ्ट नर्स आणि शिक्षक मागवतात, कारण त्यांच्याकडे क्रेडिट कार्ड असतं आणि नोकरीच्या घरात वर्षाचं सामान ठेवायला जागा असते. गावातल्या बहुतेकांकडे दोन्ही नाही. दोन खोल्यांत आठ-आठ माणसं झोपतात, तांदळाची पोती कुठे ठेवणार? मग ते वर्षभर दुकानातून लहान पुडे घेतात आणि सगळ्यात जास्त भाव गरिबालाच पडतो. ऑनलाइन मागवा म्हणाल, तर अमेझॉनच्या प्राइमची फुकट पोच इकालुइतला होती, लहान वस्त्यांसाठी 2015 मध्येच बंद झाली.

दिगंत, तुम्ही खर्चाचा पाढा वाचलात, तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण नॉर्थ वेस्ट कंपनी शेअर बाजारात आहे, वर्षाची विक्री अडीच अब्ज डॉलरच्या आसपास. (त्यात अलास्का आणि कॅरिबियनही आले, मान्य.) शिवाय 2017 मध्ये मालवाहू विमानांची कंपनीही तिने विकत घेतली. विमानही त्यांचं, दुकानही त्यांचं, मग वाहतूक महाग पडते ही तक्रार मी कितपत ऐकायची?

आणि शिकार? कॅरिबू (रेनडिअर जातीचं हरीण), सील, 'आर्क्टिक चार' नावाचा मासा हे तिथलं खरं अन्न. 2020 पासून शिकाऱ्यांना अनुदान सुरू झालंय, ते मला नव्या इमारतीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. स्नोमोबीलचं पेट्रोल आणि काडतुसं परवडली तर घरात मांस येतं.

दिगंत (विनिपेग)

विमान कंपनी घेतली कारण दुसऱ्याच्या वेळापत्रकावर लेट्यूस पाठवलं की ते काळवंडतं. तुमचाच अनुभव वर आहे.

शिकारीला पाठिंबा द्यायला माझी हरकत नाही. पण नव्या पिढीला दूधही हवंय, डायपरही हवेत, सफरचंदंही हवीत. ते कॅरिबूतून येणार नाही. गावाचं सामायिक गोदाम चांगलं वाटतं, पण ते चालवणार कोण? रात्री तीनला हीटर बंद पडला तर जबाबदार कोण? दुकानाचा मॅनेजर धावतो, कारण माल त्याचा असतो.

सह्यकडा (वारणानगर)

दिगंत, गावातली माणसं डिझेलचं वीजघर उणे चाळीसमध्ये चालवतात. हीटरही सांभाळतील. पगार द्या, शिक्षण द्या.

आबा (टोरोंटो)

गोदाम कुणाचं हे ठरायला वर्षं जातील, तोवर एक काम लगेच होण्यासारखं आहे. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक दुकानाने, कंपनीचं असो की सहकारी, जिनसावार दोन आकडे जाहीर करावेत: माल विमानाने आला की जहाजाने, आणि वस्तीत पोचेपर्यंत त्यावर खर्च किती झाला. नवं किंवा वाढवलेलं दुकान असेल तर वाढवण्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी-शेजारी. दिगंत म्हणतात तशी बचत होत असेल तर ती दिसेल, आणि मग मी स्वतः अशा दुकानांच्या बाजूने लिहीन. आकडे लपवायचे असतील तर करदात्यांचा पैसा मागू नये. दिगंत, तुम्ही त्याच धंद्यात आहात. हे आकडे द्यायला दुकानदारांना नेमकी अडचण काय आहे, तेवढं सांगा.