कुन ख्मेर, स्वैर आणि विजेती

नू स्रेय पॉव ही कंबोडियाच्या 'कुन ख्मेर' या पारंपरिक लढतीच्या खेळातली लढवय्यी. तिला मराठीत काय म्हणायचं, या प्रश्नावर तीन पर्याय सुचवले गेले आहेत: 'किकबॉक्सिंगची महिला चॅम्पियन', 'लाथाबुक्कीतली विजेती' आणि 'स्वैर मुष्टियुद्धपटू'. यातला तिसरा मला सर्वांत रंजक वाटतो आणि सर्वांत अडचणीचाही, म्हणून सुरुवात तिथूनच.

या खेळाचं ख्मेरमधलं, म्हणजे कंबोडियाच्या भाषेतलं, आणखी एक नाव 'प्रदाल सेरेय'. प्रदाल म्हणजे ठोसेबाजी आणि सेरेय म्हणजे मुक्त. हा सेरेय पालीतल्या 'सेरी'वरून आलाय आणि पाली सेरी म्हणजे संस्कृतातला स्वैरिन्, अर्थात आपल्या मर्जीनं वागणारा. म्हणजे 'स्वैर' सुचवणाऱ्यानं नेमकं मूळ पकडलंय. पण मराठीत हा शब्द फार वेगळ्या वाटेनं गेला. 'स्वैर अनुवाद' ठीक, पण 'स्वैराचार' म्हटलं की कपाळाला आठी पडते, आणि स्त्रीच्या बाबतीत 'स्वैरिणी' तर सरळ शिवीच. तिकडे त्याच शब्दाला स्वातंत्र्याचा मान आहे. व्युत्पत्ती बरोबर असली तरी रिंगणात उतरणाऱ्या बाईच्या नावामागे हा शब्द मी लावणार नाही.

'लाथाबुक्की'लाही माझा विरोध आहे. आपल्याकडे लाथ हा अपमान असतो आणि लाथाबुक्क्या भांडणात होतात. इथे ठोसे आणि लाथांइतकंच कोपर आणि गुडघ्यालाही महत्त्व आहे. कोपराचा फटका तर या खेळाची ओळखच. लढतीआधी खेळाडू गुरुवंदनेचं नृत्य करतात, डोक्याला 'मोंगकोल' बांधलेलं असतं (हे आपलं मंगलच) आणि स्रालाय नावाचं सनईच्या जातीचं वाद्य ढोलांच्या साथीनं वाजत असतं. लढत रंगात आली की वाद्यांची लयही चढते. एवढ्या सगळ्याला लाथाबुक्की म्हणणं अन्यायाचं होईल.

मूळ नावच ठेवावं: कुन ख्मेर. कराटे आणि ज्युदो आपण तसेच घेतले, मग हे का नको? इथे नावाचा प्रश्न नाजूकही आहे. 2023 साली नॉम पेन्हला आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा यजमानांनी 'मुए' हे थाई नाव बाजूला ठेवून कुन ख्मेर हेच नाव लावलं आणि थायलंडनं त्या प्रकारात खेळाडू पाठवले नाहीत. त्यामुळे 'कंबोडियातलं मुए थाई' (मुए थाई म्हणजे थायलंडचा असाच खेळ) असं सोयीचं लिहिणं तिथल्या माणसाला चांगलंच लागेल.

एक इशारा. 'कुन' म्हणजे संस्कृत 'गुण' असं कुणी ठोकून देईल. ख्मेर लिपीत हा शब्द ग-नं लिहितात आणि क-नं उच्चारतात, हे खरं. गुरूचंही तसंच, लिहायचं ग्रू आणि म्हणायचं क्रू. पण कुनमध्ये शेवटी 'न' आहे आणि गुणाच्या शब्दात 'ण'. दोन्ही शब्द त्यांच्याकडे वेगवेगळे नांदतात. उच्चार जुळला म्हणून नातं लावू नये.

आता 'महिला चॅम्पियन'. ख्मेरमध्ये खेळाडूला 'केइलाकर' म्हणतात आणि स्त्री खेळाडूसाठी स्वतंत्र शब्द आहे, 'केइलाकारिनी'. पाली कीळा म्हणजे क्रीडा, म्हणजे ही चक्क क्रीडाकारिणी! मला हा शब्द मनापासून आवडला, तरी मराठीत आणायचा आग्रह नाही. 'कार्यकारिणी'सारखी एखादी समिती डोळ्यांसमोर येते. आपलं 'पटू' स्त्रीपुरुष दोघांना चालतं. 'योद्धा'चं स्त्रीलिंग व्याकरणानं 'योद्ध्री', पण ते उच्चारून बघा. 'विजेता'चंही नियमानं 'विजेत्री' व्हायला हवं, अभिनेत्रीसारखं. पण मराठीनं 'विजेती' घडवली आणि ती रुळली. तीच वापरावी. विजेती म्हटलं की बाई आहे हे कळतंच, मग आधी 'महिला' कशाला?

चॅम्पियनला ख्मेरमध्ये 'चेउंग एक' म्हणतात. चेउंग म्हणजे पाय आणि एक म्हणजे आपलाच एक. पायांनी लढणाऱ्या खेळाला किती शोभतो! पण राजधानी नॉम पेन्हजवळ ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत, 1975 ते 1979 दरम्यान, जिथे हजारो कैद्यांना मारलं त्या ठिकाणाचं नावही चेउंग एक, आणि ख्मेर लिपीत दोन्ही अगदी सारखेच लिहितात. त्याच राजवटीत या खेळावर बंदी होती आणि अनेक लढवय्ये मारले गेले. म्हणून तिकडचा मजकूर यंत्राकडून मराठीत करून घेणाऱ्यांनी हा शब्द दोनदा तपासावा.

तिच्या नावाचंही सांगतो. स्रेय म्हणजे स्त्री किंवा मुलगी, पॉव म्हणजे सर्वांत धाकटं मूल, थोडक्यात शेंडेफळ. नू हे आडनाव, आणि कंबोडियात ते आधी येतं. मिश्र मार्शल आर्ट्समधल्या तिच्या लढतींबद्दल लिहितानाही पहिल्यांदा पूर्ण नाव द्यावं आणि पुढे 'स्रेय पॉव' म्हणावं. नुसतं 'पॉव' लिहिलंत तर आडनाव समजून तुम्ही तिला धाकटी म्हणून हाक मारत असाल.