मदत हवी आहे: अंटार्क्टिकात टेक्निशियनचा जॉब, अर्ज कुठे?

रबाळेकर: मंडळी, अंटार्क्टिकात आपलं स्टेशन आहे तिथे जनरेटरवाले घेतात म्हणे. फॉर्म कुठे मिळतो? सर्च केलं की नुसत्या क्रूझच्या जाहिराती येतायत. प्लीज लवकर सांगा.

नेरुळचा नाखवा: शिक्षण? ट्रेड? वय? काहीच लिहिलं नाहीत. माझं ऐका, मर्चंट नेव्ही बघा, पैसा तिथेच.

ऐरोलीची ताई: नाखवा, त्यांनी जहाज विचारलंय का? दादा, दोन स्टेशनं आहेत, मैत्री १९८९ चं आणि भारती २०१२ चं. दोन्ही एनसीपीओआर (ध्रुवीय संशोधनाची सरकारी संस्था) बघते, ऑफिस गोव्यात वास्कोला. मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, कुक सगळे कॉन्ट्रॅक्टवर, जाहिरात त्यांच्याच वेबसाइटवर येते. माझा मावसभाऊ जाऊन आलाय. मेडिकल कडक असतं, मग उत्तराखंडात औलीला आयटीबीपीकडे (सीमेवरचं पोलीस दल) बर्फातलं ट्रेनिंग.

घणसोलीकर: नॉर्वेत पण आपलं स्टेशन आहे ना, हिमाद्री! व्हिसा कसा काढायचा सांगू का?

ऐरोलीची ताई: ते आर्क्टिक. तिथे वीज गाव चालवणारी नॉर्वेची कंपनीच देते, जनरेटरवाल्याचं काय काम.

रबाळेकर: आयटीआय डिझेल मेकॅनिक, एमआयडीसीत डीजी सेटचं मेंटेनन्स करतो. तुर्भ्यातला एक एजंट सिलेक्शन करून देतो म्हणतोय, आधी पैसे मागतोय.

नाखवा: एक रुपया देऊ नका!!

ताई: पहिल्यांदा नाखवांशी सहमत. सरकारी भरतीत एजंट कुठून आला? आणि नुसतं इंजिन येऊन भागत नाही, हिवाळ्यात मैत्रीला पंचवीसेक माणसं, त्यामुळे भाऊ जनरेटर सांभाळून पिस्टन बुलीचे (बर्फावर चालणारी गाडी) पट्टे पण बदलायचा, पाइप गोठला की तिकडे पण धावायचा. साधं डिझेल थंडीत मेणासारखं घट्ट होतं, इंटरव्ह्यूत नेमकं तेच विचारलेलं त्याला. वेल्डिंग येतं का तुम्हाला?

रबाळेकर: थोडंफार. उन्हाळ्यापुरतं जाता येतं ना? बायको वर्षभर सोडणार नाही.

ताई: येतं, चारेक महिने. विंटरला राहिलात तर वर्षाच्या वर, आणि मधेच परत येता येत नाही, घरी नीट बोला आधी.

घणसोलीकर: व्हेज मिळतं का तिथे?

नाखवा: कुक आपलाच असतो हो. रबाळेकर, वाशीला एक वेल्डिंगचा क्लास आहे, व्यनि करतो.