विदर्भातून हिमालयात: अनेक दिवसांच्या उंच ट्रेकची तयारी तुम्ही कशी केलीत?

चणा निघाला की आमच्या हिंगणघाट तालुक्यात दोन-चार पोरं तरी हिमालयाचं नाव काढतात. आणि मग अडचण अशी होते की तयारीबद्दल जे काही वाचायला मिळतं ते पुण्या-मुंबईकडच्या माणसांनी लिहिलेलं असतं. त्यांच्या हाताशी सह्याद्रीतले किल्ले. आपल्याकडे कापसाची वावरं आणि 45 अंशांचं ऊन. नागपूर जेमतेम 310 मीटरवर. विदर्भात उंच म्हणावं ते चिखलदऱ्याजवळचं वैराट, तेही 1,178 मीटर. उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर 3,800 मीटर आहे, आणि तो सोप्या ट्रेकमध्ये धरतात! म्हणून खेड्यातून, तालुक्याच्या गावातून जे जाऊन आले त्यांनी इथे लिहावं. तारखा कशा काढल्या, सराव कुठे केला, तब्येतीचं काय तपासलं, घरी काय सांगितलं.

सुरुवात मी करतो. माझं मत ठाम आहे: ज्या कार्यक्रमात मोकळा दिवस नाही तो ट्रेक घेऊ नये. 3,000 मीटरच्या वर गेलं की मुक्कामाची जागा आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून जास्त उंच नसावी, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, असं डॉक्टर सांगतात. जाहिरातीतला कार्यक्रम समोर घ्या, प्रत्येक मुक्कामाची उंची पेन्सिलीनं शेजारी लिहा आणि वजाबाकी करा. कितीतरी कार्यक्रम तिथेच बाद होतात. शिवाय आपला प्रवासच मोठा. वर्धा किंवा नागपूरहून दिल्ली, मग देहरादून, तिथून केदारकंठ्याच्या पायथ्याच्या सांकरी गावापर्यंत दिवसभराचा घाट. मी सांकरीत एक रात्र जास्त धरतो आणि परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढतो. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या सकाळीच बसायचं.

शेतकरी, दारव्हा तालुका

तारखांचं मी सांगतो. आपलं पंचांग वावर ठरवते. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या आसपास निघते, कापसाची वेचणी पुढं थंडीभर चालते, त्यामुळे बर्फातला डिसेंबर-जानेवारीचा ट्रेक आमच्यासारख्याला जमत नाही. चणा घरात आला की मार्चअखेरपासून मृग लागेपर्यंत जी सवड मिळते, तीच आपली. एप्रिलमध्ये केदारकंठ्यावर वरच्या भागात बर्फ असतो. मे महिन्यात हिमाचलातला सार पास (सुमारे 4,200 मीटर) चालतो. तिथलाच हामटा पास जूनच्या मध्याला सुरू होतो, म्हणजे ऐन पेरणीत, तो आपला नाही. घरी माय म्हणे, "कायले जातं बावा तिकडं थंडीत मराले?" तिला मी कार्यक्रम कागदावर लिहून दिला. कोणत्या दिवशी कुठं, फोन कुठपर्यंत लागेल, कोणते दिवस लागणार नाही. फोन बंद राहणारे दिवस आधी सांगितले की घर शांत राहते.

शिक्षिका, वरुड

सरावाला डोंगर नाही ही तक्रार मला पटत नाही. सालबर्डीचा डोंगर आहे, रामटेकच्या पायऱ्या आहेत, गाविलगड आहे. आणि आपले लोक पिढ्यानपिढ्या पचमढीला जातातच की! नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची यात्रा, महाशिवरात्रीला चौरागड, तोही खांद्यावर त्रिशूळ घेऊन. पावसात, चिखलात, दगडावरून तोल सांभाळत नागद्वारीला दिवसभर चालणं हा ट्रेकचाच सराव आहे. माझ्या सासूबाई नऊवारीत ते चालल्या आहेत आणि उतारावर पाऊल कसं आडवं टाकायचं हे मी त्यांच्याकडून शिकले.

रोजचं म्हणाल तर उन्हाळ्यात पहाटे साडेचारला निघायचं, उन्हं चढायच्या आत परत. पाठीवर सॅक, तिच्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. आठवड्याला एकेक वाढवायची. चढण्याइतकाच उतरण्याचा सराव हवा, गुडघे उतारावर बोलतात. गावातल्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर मात्र कोणी सराव करू नका, आमच्याकडची पोरं करतात म्हणून लिहिते.

आरोग्यसेविका, धारणी तालुका

एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही, आणि विदर्भातल्या माणसासाठी मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, सगळीकडे आहे, आणि फक्त आदिवासी समाजात आहे असंही नाही. तपासणीत ज्यांचा पॅटर्न 'एसएस' (म्हणजे प्रत्यक्ष आजार) आहे त्यांनी एवढ्या उंचीवर जाऊच नये. पण खरा घोळ 'एएस' वाहकांचा आहे. त्यांना रोजच्या आयुष्यात काहीच त्रास नसतो, शेतात दिवसभर राबतात, त्यामुळे अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसतं. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन कमी. 4,200 मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्केच राहतो. त्यात थंडी, दम आणि कमी पाणी. अशा वेळी वाहकाच्या रक्तपेशीही कोयत्यासारख्या वाकू शकतात, प्लीहेचा रक्तपुरवठा अडतो, आणि डाव्या बरगडीखाली असह्य दुखायला लागतं. वाहकांमध्ये असं झाल्याच्या नोंदी आहेत. ट्रेकचा नेता बाहेरचा असेल तर तो पोटदुखी समजून गोळी देईल.

तपासणी अवघड नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी सोल्युबिलिटीची चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून एएस की एसएस ते कळतं. ट्रेकचे पैसे भरायच्या आधी हे करा. माझी भाची एएस निघाली. तिला डॉक्टरांनी जाऊ नको म्हटलं नाही, पण उंची कमी ठेव, सावकाश चढ, पाणी सोडू नको आणि डावीकडे दुखलं तर त्याच क्षणी खाली उतर, असं बजावलं. तिनं ते चिठ्ठीवर लिहून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवलं आणि पहिल्याच संध्याकाळी ट्रेकच्या नेत्याला वाचून दाखवलं.

बीएससीचा विद्यार्थी, गोंदिया जिल्हा

आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत घरी कोणी सोडत नाही, म्हणून मी जून सरता सरता हामट्याला गेलो. एका आयोजकानं कार्यक्रम एक दिवस कमी करून स्वस्त दिला होता. पहिला मुक्काम जोब्रा, मग बालू का घेरा (सुमारे 3,600 मीटर). आमच्यातला सगळ्यात धट्टाकट्टा मित्र, धानाचं पोतं एकटा उचलणारा, सगळ्यांच्या पुढे चालत होता. रात्री त्याचं डोकं ठणकायला लागलं, जेवण नको, दोनदा उलटी. पहाटे तो बुटाची नाडी हातात धरून नुसता बसून राहिला, गाठ मारताच येईना. मी त्याला टाचेला टाच लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो कलंडला. आयोजकाचा माणूस म्हणाला, "थकवा आहे, पास ओलांडला की बरं वाटेल." आम्ही ऐकलं नाही. दोघांनी त्याला धरून तसंच खाली आणलं. जोब्र्याला पोचेपर्यंत तो नीट बोलू लागला होता.

तोल जाणं, बरळणं म्हणजे मेंदूला सूज. बसल्या जागी धाप, खोकल्यात फेस म्हणजे फुप्फुसात पाणी. दोन्हीत उतरणं हाच पहिला उपाय, रात्र असली तरी. अंगात ताकद असली म्हणून उंची कुणाला सोडत नाही, उलट ताकदवान माणूस भरभर चढतो.

आरोग्यसेविका, धारणी तालुका

अगदी बरोबर केलंत. डायमॉक्सबद्दल जोडते: ती गोळी शरीराला उंचीची सवय लवकर लावते, पण चढाईचा वेग वाढवायचा परवाना देत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, ते अपेक्षितच आहे.

बचत गटाची कार्यकर्ती, राजुरा तालुका

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पोरं मे 2018 मध्ये 'मिशन शौर्य'मधून एव्हरेस्टवर पोचली, त्यात मनीषा धुर्वे ही मुलगीही होती. तेव्हापासून आमच्याकडे मुलीला "तुला जमेल का" असं विचारणं कमी झालंय.

कपड्यांचं थोडं. एक जाड जॅकेट घेऊ नका, थर घ्या: आत घाम सुकवणारा, मध्ये लोकरीचा, वर वारा-पाऊस अडवणारा. सुती बनियन घामानं ओलं झालं की अंग गार पडतं. जॅकेट, गेटर (बुटात बर्फ जाऊ न देणारं पायावरचं आवरण), काठ्या पायथ्याच्या गावात भाड्यानं मिळतात, बूट मात्र स्वतःचेच. आपण बारा महिने चपलेत वावरतो, म्हणून बूट दोन महिने आधीपासून रोज घाला, बाजारालाही. पाळीची सोय घरूनच न्या. उंचीवर पाळी पुढेमागे होऊ शकते, आणि वापरलेलं सगळं पिशवीत बांधून खाली आणायचं असतं.

सेवानिवृत्त ग्रामसेवक, मेहकर तालुका

वय 61, बीपीची गोळी चालू. हिमालय एकदा पाहायचाच आहे. मी काय करावं?

आरोग्यसेविका, धारणी तालुका

काका, जरूर जा. आधी डॉक्टरांकडून ईसीजी आणि ताणचाचणी करून घ्या. बीपीच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, थोड्या खिशात, थोड्या सॅकमध्ये.

*(हिंगणघाटहून)* काका, तुमच्यासाठी दार्जिलिंगकडचं संदकफू बघा, 3,636 मीटर. वाटेत मुक्कामाची घरं आहेत, तंबूत झोपावं लागत नाही, आणि जीपचा रस्ता वरपर्यंत जातो, म्हणजे मधेच जमलं नाही तर गाडीनं उतरता येतं. शेगाव-अकोल्याहून हावड्याला थेट गाड्या आहेत, पुढे सियालदहहून न्यू जलपाईगुडी. ही वाट ज्यातून जाते ते सिंगालिला राष्ट्रीय उद्यान 16 जून ते 15 सप्टेंबर बंद असतं. एप्रिलमध्ये गेलात तर गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉनचं झाड) फुललेला मिळेल.